चार जुलैच्या आत

थॉर्प हाऊस, पेल्टन, आयोवा
९ मार्च १९९८

प्रिय मर्ल,

तुझं ख्रिसमसचं कार्ड फेब्रुवारीच्या मध्यावर मिळालं. ॲरिझोनातलं टपालसुद्धा तिथल्या म्हाताऱ्यांसारखं उन्हात पाय पसरून बसत असावं. संत्री मात्र वेळेवर आली. जॉयसला माझे आभार सांग, तुझी ही लेक गुणाची आहे. चार मी खाल्ली आणि बाकीची चर्चमधल्या बायकांना वाटली, नाहीतर टोमणे ऐकावे लागले असते.

इथला हिवाळा काही हटत नाही. तीनदा बर्फ वितळलं, तीनदा पुन्हा गोठलं. मी बहात्तरची झाले, आणि खासदार थॉर्प अजून त्याच तसबिरीत त्याच दाढीनिशी बसलाय. बावीस वर्षं मी त्याच्या चौकटीवरची धूळ पुसतेय. शाळेची मुलं येतात, मी पाठ केलेलं म्हणून दाखवते: हे इटालियन धाटणीचं विटांचं घर अठराशे एकाहत्तर सालचं, या उंच कमानदार खिडक्या, हा छपरावरचा काचेचा मनोरा, आणि याच पायऱ्यांवरून थॉर्पसाहेबांनी तीन तास भाषण केलं. गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "लोक उठून गेले नाहीत?" मी म्हटलं, "बाई गं, तेव्हा जायला दुसरं ठिकाणच नव्हतं." तिची बाई हसली नाही.

ऑक्टोबरात ड्वाइटला जाऊन नऊ वर्षं होतील. आम्ही दोघं राहायचो त्या मागच्या दोन खोल्यांत आता मी एकटी आहे, म्हणजे स्वयंपाक थोडा आणि जिने जास्त. पुढच्या महिन्यात राज्याच्या जुन्या इमारतींच्या कचेरीतून कोणी बाई घर बघायला येणार आहे, छत वगैरे. बाकी सगळं आहे तसं आहे. उत्तरेच्या व्हरांड्यात हल्ली सारखी लाल धूळ साचते, खारींचा उपद्व्याप असेल. तुझी पितळी पाटी मी दर शनिवारी लखलखीत करते: 'या घराच्या भिंतींची दुरुस्ती १९७६ साली मर्ल ब्रँट यांनी विनामोबदला केली.' तुझ्या नावातला शेवटचा शब्द जरा झिजलाय, माझ्याच पुसण्यानं.

तब्येतीचं खरं काय ते लिही. जॉयस 'बाबा छान आहेत' एवढंच म्हणते आणि फोन ठेवते.

तुझी वहिनी,
लिओटा


मेसा, ॲरिझोना
२० मार्च १९९८

प्रिय लिओटा,

खारी विटा खात नाहीत.

मी बरा आहे. जिना चढताना दम लागतो, म्हणून जिना चढत नाही. जॉयसचं घर एकमजली आहे, सुटलो. इथे सगळी घरं गुलाबी गिलाव्याची, आत काय आहे ते देवाला माहीत. शेजारच्या माणसानं अंगणात खडी पसरून तिला हिरवा रंग दिलाय, गवत म्हणून. रोज सकाळी तो तिच्यावर पाणीसुद्धा मारतो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसानं म्हातारपणी हे बघायचं.

लाल धूळ उत्तरेलाच का? किती? झाडूनं भरते की सुपलीनं? नीट लिही.

आणि एक गोष्ट ऐक. त्या भिंतीला कोणालाही सिमेंट घेऊन शिवू देऊ नकोस. भोकं दिसली तरी राहू देत. वेंडेल स्ट्राउड घर सांभाळणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला असं तू मागे लिहिलं होतंस. तो माणूस दातांच्या डॉक्टरकीतून निवृत्त झालाय पण भोक दिसलं की भरायची सवय सुटली नसणार. त्याला आवर.

जॉयस गाडीची किल्ली घेऊन उभी आहे, पोस्टात जाते म्हणते.

मर्ल


थॉर्प हाऊस, पेल्टन
१४ एप्रिल १९९८

प्रिय मर्ल,

अखेर वसंत आला असं म्हणायला हरकत नाही. काल पारा अडुसष्ट फॅरनहाइटवर होता, परवा पन्नासवर, आज पुन्हा थोडा वारा आहे पण ऊन चांगलं. नदी चढलीय पण रस्त्यावर नाही. पिऑनींचे लाल कोंब जमिनीतून बोटभर वर आलेत, मेअखेरच्या स्मृतिदिनापर्यंत फुलं मिळतील आणि यंदा मला ड्वाइटच्या थडग्यावर वाहायला दुकानातली घ्यावी लागणार नाहीत. गुरुवारी सकाळी धुकं होतं, दुपारी निवळलं.

ती बाई येऊन गेली. पॉला कूबिक नाव, तिशीची असेल, पायांत पुरुषी बूट. छोटी हातोडी घेऊन घरभर हिंडली, आणि डॉक्टर छातीवर वाजवतात तशी भिंतीवर टक टक करून कान लावत होती. मी तिला कॉफी दिली. मनोऱ्यात चढून आली आणि वळचणीखालच्या नक्षीचं फार कौतुक केलं. मागच्या स्वयंपाकघराच्या भागाबद्दल म्हणाली, तो अगदी धड आहे, का ते कळत नाही. मी म्हटलं, दक्षिणेचं ऊन मिळतं.

कागदोपत्री नोंद पाहिजे म्हणून तिनं विचारलंय की शहात्तर साली विटांमधल्या दरजा कशानं भरल्या, मिश्रण काय होतं. नुसती नोंद आहे. तुला आठवत असेल तर दोन ओळी लिही, नसेल तर राहू दे. अठरा मेला संस्थेची बैठक आहे, त्याच्या आत मिळालं तर बरं.

आता ढग येताहेत, वाळत घातलेलं काढते.

लिओटा


मेसा, ॲरिझोना
२२ एप्रिल १९९८

लिओटा,

एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, चुना नावाला. ठरवणारा मी, मिसळणारा मी, भरणारा मी. ड्वाइट फक्त बादल्या उचलत होता. असंच्या असं लिहून दे, हवी तर सही करून पाठवतो.

तू खोटं बोलायला लागलीस की हवामान फार लिहितेस. लग्न होऊन घरात आलीस तेव्हापासून बघतोय. भिंतीच्या विटांचे पापुद्रे निघताहेत ना? मला माहीत आहे. ड्वाइटच्या दफनाला आलो होतो तेव्हा सगळे आत गेल्यावर मी उत्तरेच्या भिंतीवरून हात फिरवला. हाताला लाल पीठ लागलं. मी ते पँटला पुसलं आणि आत येऊन हॅम सँडविच खाल्लं. तू विचारलंस, "अजून एक देऊ का?" मी दोन खाल्ली.

नऊ वर्षं तू पत्रांतून लिहितेस की भिंत ठणठणीत आहे. मला वाटायचं, तुला दिसत नाही. आता कळतं, दिसत होतं. माझ्यासाठी एवढं करायची गरज नव्हती, पण केलंस.

मर्ल


थॉर्प हाऊस, पेल्टन
३ मे १९९८

प्रिय मर्ल,

ठीक आहे, आज हवामान लिहीत नाही.

धूळ सुपलीनं भरते. छातीइतक्या उंचीपासून खालच्या जवळजवळ सगळ्या विटांची तोंडं गेलीत, फक्त तुझ्या दरजा जाळीसारख्या पुढे उभ्या आहेत, ताठ. पुढची बाजू धड आहे, कारण थॉर्पनं रस्त्याकडे पक्क्या विटा लावल्या आणि बाजूला न् मागे मऊ, स्वस्त. मतदार मागे जाऊन बघत नाहीत. पुढारीच तो.

पॉलानं मला पायरीवर बसवून सांगितलं. मऊ विटेत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला वाट देत नाही, मग ती विटेतूनच निघते, थंडीत तिथेच गोठते आणि विटेचं तोंड उडवते. ती वाईट बोलली नाही. "त्या काळी सगळेच असं करायचे," म्हणाली. पण वेंडेल शेजारी उभा होता. तो म्हणतो, आपण बावीस वर्षं ज्याच्या नावाची पाटी पुसतोय त्यानंच घर मारलं. अठरा तारखेच्या बैठकीत पाटी काढायचा ठराव आणणार आहे, आणि गावच्या पेपरातही देणार, म्हणजे देणगीदारांना कळेल चूक कोणाची. तुझं नाव तसं छापून आलेलं मला बघवणार नाही. या गावातली अर्धी धुराडी तुझ्या हातची आहेत.

आता तुझं पत्र. ड्वाइट बादल्या उचलत होता? मर्ल, मी त्याच्याबरोबर चाळीस वर्षं काढली. त्यानं घरात कधी दुधाची बादली उचलली नाही. तो त्या वर्षी चार जुलैच्या स्वातंत्र्य-द्विशताब्दी समितीचा प्रमुख होता आणि हातात फक्त पेन्सिल असायची. मला तेवढं एक वाक्य खटकलं म्हणून मी माळ्यावर गेले आणि त्याची समितीची पेटी उघडली. आजवर उघडली नव्हती. थॉर्पचं प्रत्येक चिटोरं मी जपून ठेवलं, किराण्याच्या यादीसकट, आणि नवऱ्याची पेटी तशीच पडलेली.

लाकडाच्या वखारीच्या पावतीमागे तुझं अक्षर आहे. '१२ एप्रिल. ड्वाइट, या विटा मऊ आहेत. आजोबा करायचे तसा चुनाच पाहिजे, आणि चुन्याला सावकाश घ्यावं लागतं. ऑक्टोबरपर्यंत वेळ दे. सिमेंट भरलं तर वीस वर्षांत भिंत पिठासारखी गळेल.' त्यावर आडवं, त्याच्या निळ्या पेन्सिलीनं: 'चार जुलैच्या आत. राज्यपाल येणार आहेत.'

मी माळ्यावरच बसून राहिले. मेलेल्या माणसावर एवढा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. तुझ्यावरही आला. माझ्या टेबलाशी बसून ॲपल पाय खाल्लास, कॉफी प्यायलास, आणि हे बावीस वर्षं पोटात ठेवलंस.

हा कागद बैठकीत दाखवला तर तू सुटतोस. पण दिवाणखान्यात ड्वाइटचा फोटो आहे, आणि गावाच्या लेखी तो देवमाणूस आहे. मी काय करू ते सांग. मी थकलेय, मर्ल. मला कोणीतरी सांगायला पाहिजे.

लिओटा


मेसा, ॲरिझोना
११ मे १९९८

प्रिय लिओटा,

कागद चुलीत घाल.

ड्वाइट उत्तर द्यायला येणार नाही. मी आहे. मला कोणी रस्त्यात गाठून बोलणार नाही, इथे रस्त्यात कोणी चालतच नाही. पेल्टनचा पेपर मेसाला येत नाही. तुला मात्र रोज त्याच बायकांबरोबर चर्चला बसायचं आहे.

दुसरं असं, की तो कागद खरा आहे पण पुरता नाही. ड्वाइटनं लिहून दिलं, माझ्या हातात सिमेंट कोंबलं नाही. मी थापी खाली ठेवून घरी जाऊ शकत होतो. तेव्हा मी चोपन्न वर्षांचा बाप्या होतो, बांधकामातलं मला कळत होतं आणि त्याला नव्हतं. पण थोरल्या भावाला नाही म्हणायची मला सवय नव्हती. आणि खरं सांगतो, मलाही बँडच्या पुढे उभं राहायचं होतं. राज्यपालांनी माझा हात हातात घेतला तेव्हा माझ्या नखांत अजून सिमेंट होतं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मी अजून परत केलेलं नाही.

मागच्या भागाला दक्षिणेचं ऊन नाही वाचवत. चार जुलैपर्यंत तिकडे पोचलोच नव्हतो. ड्वाइट म्हणाला, मागे कोण बघतंय, तुला हवं तसं कर. मग ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत मी एकटा तिथे होतो. मुरवलेला चुना, नदीची वाळू, वर ओली गोणपाटं. सकाळी दोन तास, मग पोटापाण्याच्या कामावर. तुम्ही दोघं त्या खोल्यांत राहायला येणार हे ठरलं होतं. सगळ्या घरात सर्वांत वाईट विटा तिथल्या. तुझ्या पलंगामागची भिंत मी शेवटी केली. आयुष्यात मी जे काम केलं त्यातलं तेवढं मला मान्य आहे.

कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

मर्ल

ता. क. डॉक्टरांनी नाकात प्राणवायूची नळी दिलीय. जॉयस सांगू नका म्हणाली होती. बावीस वर्षं लपवून झालं, आता कंटाळा आला.


थॉर्प हाऊस, पेल्टन
२० मे १९९८

प्रिय मर्ल,

कागद चुलीत घातला नाही. तू सांगितलेलं ऐकलं नाही याचा राग मानू नकोस. सांग म्हणून मीच म्हटलं होतं, पण ऐकेन असं म्हटलं नव्हतं.

बैठक मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात झाली. पस्तीसेक माणसं, रूबार्ब भरलेले गोड 'पाय', पाणचट कॉफी. वेंडेलनं ठराव वाचला. "दात किडावा तशी भिंत किडली आहे, आणि कीड कुठून लागली हे आपल्याला ठाऊक आहे," म्हणाला. लोक पेल्यात बघत होते. मी उठले. माझे गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकलं.

आधी तुझा कागद वाचला, निळ्या पेन्सिलीसकट. मग तुझं अकरा तारखेचं पत्र वाचलं, थापी खाली ठेवू शकत होतो, तिथपासून राज्यपालांच्या हातापर्यंत. ते तुला विचारून करायला हवं होतं. वाचून झाल्यावर पॉलानं पाणी आणून दिलं.

वेंडेल म्हणाला, "म्हणजे चूक ड्वाइटची होती तर." आणि मर्ल, तेवढ्यात मला आठवलं. पेटी उघडल्यापासून काहीतरी टोचत होतं, ते हेच. त्या एप्रिलमध्ये ड्वाइट तुझा कागद घेऊन जेवायला बसला होता. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. तो म्हणाला, मर्लला ऑक्टोबरपर्यंत वेळ हवाय. मी बटाटे वाढत होते. मी म्हटलं, "शिड्या लावलेल्या घरापुढे राज्यपाल उभे राहणार? आपली काय शोभा होईल?" मी बायकांसाठी जुन्या धाटणीचे अकरा झगे शिवले होते, आणि मला त्या पायऱ्यांवर नीट फोटो हवा होता. ड्वाइटनं खिशातून पेन्सिल काढली. मी बघत होते.

हे मी सगळ्यांपुढे सांगितलं. "वेंडेल," म्हटलं, "पाटी काढायची तर माझाही झगा काढ, तो वरच्या खोलीत काचेत ठेवलाय." मागे कोणीतरी हसलं. मग आणखी एक जण. मला वाटतं बर्निस असावी, त्या अकरा झग्यांतल्या एकात तिचाही फोटो आहे.

मग पॉला बोलली. मागची भिंत धड का हे आता कळलं म्हणाली, आणि नमुना म्हणून दाखवायला तीच भिंत पुरे आहे. सिमेंट हातानं, छिन्नीनं काढायचं, एकेक दरज. यंत्र लावायचं नाही. फुटलेली वीट फिरवून तिचं आतलं तोंड बाहेर करायचं. सहा-सात वर्षं लागतील. नऊ जणांनी नावं दिली. वेंडेलनं सगळ्यांत शेवटी दिलं, म्हणाला, बारीक हत्यारांनी काम करायची सवय आहे. पाटी राहिली.

घरी आले तशी कोट न काढता मागे गेले. माझ्या खिडकीखालच्या भिंतीवर हात ठेवला. बावीस वर्षं मी तिला डोकं टेकून झोपले आणि कधी बाहेरून बघितलं नाही. एकही वीट गेलेली नाही. दरजा मऊ, किंचित आत, बोटाला थंड. हाताला काही लागलं नाही, मर्ल. मी दोनदा बघितलं. मग मी तिथेच उभी राहून रडले, आणि शेजारची पॅट्सी कपडे वाळत घालायचं सोडून बघत होती, तर बघू दे.

नळीचं काय ते सविस्तर लिही.

लिओटा


मेसा, ॲरिझोना
१२ जून १९९८

प्रिय लिओटा,

दम पुरत नाही, म्हणून थोडक्यात.

माझं पत्र सगळ्यांपुढे वाचलंस म्हणून तीन दिवस चिडलो होतो. चौथ्या दिवशी जॉयसनं विचारलं, बाबा, आज झोप लागली का? लागली होती.

सोबत खोक्यात माझी दरजा भरायची पट्टी आहे. ती आजोबांची. डाव्या हाताची आहे, तू उजव्या, पण शिकशील. आधी विटा भिजव. चुना दाबून भर, वरून गुळगुळीत करायचा मोह टाळ. लगेच ओलं गोणपाट घाल, आणि रोज सकाळी ते भिजलंय का बघ, नाहीतर सगळं फुकट. खालून सुरू कर, तुला शिडीवर चढलेलं मला चालणार नाही.

त्या जेवणाच्या वेळी तू काय म्हणालीस ते मला ड्वाइटनं तेव्हाच सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. मागची भिंत तरीही केली.

घाई करू नकोस. चार जुलै दरवर्षी येतो.

मर्ल


थॉर्प हाऊस, पेल्टन
४ जुलै १९९८

प्रिय मर्ल,

मिरवणूक अकराला निघाली. बँडमध्ये यंदा तीनच ट्रंपेट, आणि एक बेसूर. नव्या आमदारानं आमच्या पायऱ्यांवरून भाषण केलं, नशिबानं आठ मिनिटांचं.

महिन्याभरात माझ्या अकरा दरजा झाल्या. वेंडेलच्या चाळीस झाल्यात आणि तो मोजून सांगतो. तुझी पट्टी डाव्या हातानंच धरायला शिकले, उजव्यानं नीट बसत नव्हती. खांदा दुखतो. सकाळी गोणपाट भिजवते, मग कॉफी. मला ही भिंत पुरी झालेली दिसणार नाही आणि त्याचं वाईट वाटतं, पण आता धूळ सुपलीनं भरत नाही.

काल संध्याकाळी वेंडेल शिडी काढायला आला. म्हणाला, उद्या पाहुणे आहेत, पेपरवाला फोटो काढेल, उत्तरेची बाजू रस्त्यावरून दिसते. भिंतीवरची गोणपाटंही काढू म्हणाला, एका दिवसानं काय होतंय.

मी त्याला हात लावू दिला नाही. फोटोत सगळं आलंय, आमदार, पायऱ्या, बाजूला शिडी आणि ओल्या पोत्यांची रांग. कात्रण सोबत आहे. उत्तर लिहायला दम नसेल तर नुसता रिकामा लिफाफा पाठव. मला कळेल.

तुझी,
लिओटा